वादळ किनाऱ्यावरच विरतं, मग मराठवाड्यातल्या जुन्या वस्त्यांत पाणी का शिरतं?

किनारा ओलांडला की वाऱ्याचा जोर ओसरतो, पण समुद्रावरून उचललेलं बाष्प शिल्लक राहतं. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याच्या उरलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने पुढच्या दोन दिवसांत मराठवाडा झोडपला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. सप्टेंबरअखेर काळी जमीन आधीच पाणी पिऊन फुगलेली असते, धरणं भरत आलेली असतात.

त्यात जुनं गावठाण. संभाजीनगरात खाम नदीच्या काठी घरं पार पात्राला टेकलीत. गल्लीत मुरायला वीतभर माती नाही, हातभर नालीत कॅरीबॅगा अडकलेल्या. दरवेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकतात, त्यामुळे कित्येक घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेलेत. माझ्या मते खरं दुखणं हेच आहे. आधी रस्ता खरवडा, मगच नवा थर टाका.