पाढे रात्री नकोत

अगं, पाढ्यांसाठी लेकाला रात्री दहापर्यंत बसवू नकोस. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. जांभया देत घोकलेलं सकाळी निम्मं उडालेलं असतं. शाळेतून आला की आधी खाऊ दे, खेळू दे.

पाढे वही मिटूनच विचार त्याला. बघून वाचलं की येतंय असं वाटतं, येत नसतं! ‘सात आठे’ला अडला तर ‘आठ साते’ विचार, छप्पन्नच. परवा पुन्हा विचार, मग आठवड्याने. गृहपाठातल्या चुका तू खोडू नकोस, बाईंना दिसू देत.

आणि रोज शाळेच्याच वेळी त्याचं पोट दुखतं म्हणालीस ना? डॉक्टरांना दाखवच, पण बाईंशीही बोल.