कप मेस्सीला, हजार रुपये साडूला

प्रश्न असा आहे: प्रेडिक्शन मार्केटवर, म्हणजे पुढे काय घडेल यावर ‘होय’-‘नाही’ विकत घेतात त्या बाजारावर, फुटबॉल मॅचचा सौदा कोणत्या निकालावर सुटतो? मॅच पेनल्टीवर गेली किंवा अर्धवट थांबली तर काय?

पेनल्टीचं नाव काढलंत अन् माझी खपली निघाली.

18 डिसेंबर 2022, रविवार. कामठीला साडूंकडे सावजी मटण अन् अर्जेंटिना-फ्रान्स फायनल. फोनवरच्या एका ॲपवर प्रश्न होता, ‘अर्जेंटिना मॅच जिंकेल?’ मी सहा रुपयांच्या भावानं शंभर ‘होय’ घेतले. साडूभाऊंनी चारनं शंभर ‘नाही’ घेतले, कारण त्यांच्या मते फ्रान्सचा एम्बापे एकटाच पुरे. ज्याचं खरं ठरेल त्याला नगाला दहा, दुसऱ्याला भोपळा.

79व्या मिनिटापर्यंत 2-0. माझा ‘होय’ साडेनऊच्या वर. बायको म्हणे, विकून टाका. मी वरच्या पन्नास रुपयांसाठी थांबलो. 80व्या मिनिटाला एम्बापेची पेनल्टी, 81व्याला पुन्हा तोच. 2-2! नव्वद मिनिटं संपली, एक्स्ट्रा टाइम सुरू होतोय तोच फोन वाजला: सौदा बंद, ‘नाही’ बरोबर. मेस्सीचा 108व्या मिनिटाचा गोल व्हायचाच होता अन् माझे सहाशे उडालेसुद्धा. पुढे 3-3, मग पेनल्टीवर 4-2 नं अर्जेंटिना विश्वविजेती. मी नाचू की रडू?

नियमात लिहिलं होतं: नव्वद मिनिटं अधिक इंजुरी टाइम. एक्स्ट्रा टाइम त्यात नाही. फुटबॉलच्या सट्ट्यात ही रीत जुनीच आहे. ‘कप कोण उचलेल’ हा सौदा वेगळा, त्यात पेनल्टीही धरतात. म्हणजे पैसा मॅचवर नसतो, सौद्याच्या वाक्यावर असतो. ॲपनं ते वाक्य चार पानं खाली दडवलं होतं हा हलकटपणा, पण फसवणूक म्हणता येत नाही. मी वाचलं नव्हतं.

निकाल कोण देतं? अमेरिकेतलं काल्शी नावाचं प्रेडिक्शन मार्केट स्वतःच्या नियमावरून स्वतः देतं. पॉलीमार्केट या दुसऱ्या बाजारावर कोणीतरी अनामत ठेवून निकाल मांडतो. साधारण दोन तासांत कोणी हरकत घेतली नाही तर तोच पक्का. हरकतीवर हरकत झाली तर यूएमए नावाच्या क्रिप्टो टोकनचे मालक मतदान करतात. अर्धवट मॅचचं सौद्यात लिहिलं असेल तसं. कुठे पुन्हा खेळायची वाट बघतात, कुठे निम्मे-निम्मे वाटतात.

हो, राहिलंच. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं आपल्याकडे पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झालेत. इथे हात घालू नका.

आता साडूभाऊंसाठी, कारण ते हे वाचतील. दर दिवाळीला ‘आमच्या कामठीच्या रक्तातच फुटबॉल’ म्हणून त्या हजार रुपयांचा विषय काढता ना? त्या रात्री तुम्ही फ्रान्स जिंकणार म्हणाला होतात. फ्रान्स हरलं, भाऊ. चार पानं खालचं वाक्य तुम्हीही वाचलं नव्हतं.