पोरगी वेटलिफ्टिंग करते, पण पुढे पोटापाण्याचं काय?

ताई, पत्र वाचलं. मुलगी नववीत, गावच्या व्यायामशाळेत वेटलिफ्टिंग करते, कोच म्हणतात इंटरनॅशनल खेळेल पण शाळा सोडून दहावी बाहेरून द्या, तिचे बाबा म्हणतात उंची खुंटेल आणि ह्यात पैसा कुठाय, आणि तुम्ही दोघांच्या मधे अडकल्यात.

उंचीचं आधी संपवून टाकू. जाणकार कोचच्या नजरेखाली वजन उचलल्याने उंची खुंटते ह्याला पुरावा नाही. हलक्या वजनगटात बुटक्या बांध्याला फायदा होतो म्हणून तसेच लिफ्टर वर येतात, आणि लोकांना वाटतं वजनाने दाबले गेले.

पैशाबाबत बाबा अर्धे बरोबर आहेत. पगार रेल्वे, पोलीस, आर्मी देतात, बारबेल नाही. टोकियो ऑलिंपिकमधे सिल्व्हर घेतलं तेव्हा मीराबाई चानूपण रेल्वेतच होती. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण कुठली स्पर्धा चालेल आणि कितवा नंबर लागेल हे नियमात ठरलेलं असतं, सर्टिफिकेटची पडताळणी होते आणि पदाला लागणारं शिक्षण तर हवंच. म्हणून शाळा सोडू नका, ह्यात मी कोचचं ऐकणार नाही. आणि कुठल्याही जिमने भरवलेल्या ओपन स्पर्धेचा कप शोकेसमधे ठीक आहे, फाईलला मान्यताप्राप्त संघटनेचीच स्पर्धा लागते.

इंटरनॅशनल होणं आपल्या भागाला नवीन नाही. कुरुंदवाडचे गणेश माळी, ओंकार ओतारी, चंद्रकांत माळी, तिघांनीही 2014 च्या ग्लासगो कॉमनवेल्थमधे ब्राँझ आणलं. सांगलीचा संकेत सरगर, वडिलांची पानटपरी, 2022 ला बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमधे 55 किलो गटात टोटल (स्नॅच, म्हणजे एका दमात डोक्यावर, आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यावर मग डोक्यावर, ह्या दोन्हींची बेरीज) 248, गोल्डवाल्याची 249, आणि क्लीन अँड जर्क करताना कोपर दुखावलं. मीराबाईचंही पॅरिस ऑलिंपिकमधे एका किलोनेच हुकलं, 199 वर चौथी, ब्राँझ 200 ला गेलं. एवढ्या वरच्या लेव्हलला एका किलोवर सगळं फिरतं, त्यामुळे मेडल धरून घरखर्चाचा हिशोब मांडू नका, मेडल आलं तर बोनस.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते, वजनगट. तिला अमुक गटात बसवायला जेवण कमी करायला लावत असतील तर सरळ नाही म्हणा. गट बदलत राहतात, संकेतचा 55 किलोचा गटच 2025 मधे गेला, आता पुरुषांचे 60 पासून सुरू होतात. वाढत्या अंगाची पोरगी, तिला भाकरी, अंडी, डाळ, दूध पोटभर द्या. पाळी चुकायला लागली तर ते "खेळाडूंचं होतं असं" म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे न्या. आणि पावडरचा डबा कुणीही, अगदी कोचने दिला तरी नको. त्यात काय मिसळलंय हे डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही, आणि डोप टेस्टमधे सापडलं तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. स्टिरॉइडला चार वर्षांची बंदी लागू शकते, म्हणजे ह्या वयात करिअरच गेलं. सर्दीखोकल्याचं औषधसुद्धा विचारूनच.

कोच पारखायचा तर एक दिवस न सांगता संध्याकाळी व्यायामशाळेत जाऊन कोपऱ्यात बसा. मुलींचा रिकामा बार 15 किलोचा असतो, नवीन पोरींना त्यावर किंवा नुसत्या पाईपवर घोटून घेतात का बघा, आणि उचलताना कुणाची पाठ वाकली तर कोच प्लेट काढतो की "लाव अजून पाच" म्हणून ओरडतो तेही. ओरडणारा असेल तर व्यायामशाळा बदला, लांब पडली तरी.

मला तिचं वजन, स्नॅच आणि क्लीन अँड जर्कचे आकडे, आणि स्टेटला कितवी आली ते कळवा, मग क्रीडा प्रबोधिनीसाठी (सरकारची राहून खेळ आणि शाळा दोन्ही करायची सोय) प्रयत्न करायचा का ते बोलू. बाबांनापण वाचायला द्या हे.