वाचक विचारतात : वेल्सची फेस्टिन्योग रेल्वे

प्रश्न : वेल्समधल्या फेस्टिन्योग रेल्वेवर पाटीच्या दगडाने भरलेल्या गाड्या इंजिनाशिवाय खाली येत, असे वाचले. आपल्या माथेरानच्या मार्गावर हे जमले असते का?

उत्तर : नाही. गेज (दोन रुळांमधले अंतर) दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, माथेरानचे 610 मिमी आणि फेस्टिन्योगचे 597. फरक उताराचा आहे. माथेरानला चढ 1:20 पर्यंत (20 मीटरला 1 मीटर) जातो, म्हणजे टनामागे 50 किलोची ओढ. हातब्रेकवर अशी गाडी आवरत नाही. फेस्टिन्योगचा सरासरी उतार 1:92, तिथे ओढ टनाला 11 किलोच्या आत. भरलेली वॅगन आपणहून घरंगळायला एवढी पुरते आणि ती ब्रेकवाल्याच्या हाताबाहेरही जात नाही.

खरे कसब हा उतार सलग राखण्यात होते. 1832 च्या कायद्याने कंपनी स्थापन झाली, 1836 मध्ये मार्ग सुरू झाला. ब्लायनाय फेस्टिन्योगच्या खाणींपासून पोर्थमाडोग बंदर सुमारे 21 किमी दूर आणि 200 मीटरहून अधिक खाली. मध्येच चढ लागला तर गाडी तिथेच थबकणार. म्हणून जेम्स स्पूनर यांनी डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत मार्ग आखला आणि दऱ्यांत भराव घातले. केई मौरचा भराव नुसत्या दगडांवर दगड रचून केलेला, चुना अजिबात नाही, उंची जवळजवळ 19 मीटर! मोएल्विनचा डोंगर मात्र सुरुवातीला वॅगनी दोराने चढवून-उतरवून ओलांडावा लागे. 1842 मध्ये बोगदा झाला आणि ती कटकट संपली.

रिकाम्या वॅगनी घोडे वर ओढत. येताना तेच घोडे गाडीला जोडलेल्या खास डब्यात उभे राहून खाली येत. वर जायला सहाएक तास लागत. उतरायला, थांबे सोडले तर, दीड. बंदराजवळच्या बॉस्टन लॉज या ठिकाणापुढचा खाडीवरचा बांध सपाट, त्यामुळे तिथे घोडे पुन्हा जुंपावे लागत. 1863 मध्ये वाफेची इंजिने आली, तरी दगडाच्या गाड्या 1939 पर्यंत उतारावरूनच सोडत.

प्रश्न : 1946 मध्ये वाहतूक बंद पडूनही ही कंपनी बुडाली कशी नाही?

उत्तर : मूळ कायद्यात मार्ग मोडीत काढण्याची तरतूदच नव्हती. त्यासाठी संसदेकडून नवा कायदा करून घ्यायला हवा होता आणि तेवढा पैसा कंपनीकडे नव्हता. त्यामुळे रूळ झाडोऱ्यात जागच्या जागी राहिले. 1954 मध्ये उद्योजक ॲलन पेगलर यांनी नियंत्रणापुरते शेअर घेतले आणि 1955 मध्ये पोर्थमाडोगहून बॉस्टन लॉजपर्यंत गाडी सुरू झाली. वरच्या अंगाला मात्र वीजप्रकल्पाच्या जलाशयाने जुना मार्ग बुडवला होता. 1965 ते 1978 या काळात, मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातांनी, पर्यायी मार्ग बांधला गेला. त्यात दुआल्टजवळ रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जातात. 1982 मध्ये गाडी पुन्हा ब्लायनायला पोचली.

प्रश्न : तिथल्या इंजिनाला दोन तोंडे का?

उत्तर : अरुंद मार्गावरची वळणे तीव्र, आणि लांब, ताठ सांगाड्याचे इंजिन तिथे रुळांना घासते. अभियंते रॉबर्ट फेअर्ली यांनी बॉयलर दोन्ही दिशांना काढून ते दोन फिरत्या बोगींवर (चाकांच्या गाड्यांवर) ठेवले. सगळी चाके ओढणारी असल्याने पूर्ण वजन पकडीसाठी कामी येते. 1869 च्या ‘लिटल वंडर’ या इंजिनाने हे दाखवून दिले, पुढच्याच वर्षी रशियाचे शिष्टमंडळ चाचण्या पाहायला आले. दोष दोन. बोगी हलते म्हणून वाफेच्या नळ्यांना हलते सांधे द्यावे लागतात, ते झिजले की वाफ गळते. शिवाय कोळसा-पाण्याला जागा कमी. ड्रायव्हर आणि फायरमन भट्टीच्या दोन बाजूंना उभे राहतात, अडचणीतच. तरीही बॉस्टन लॉजच्या कारखान्यात 1879 मध्ये बांधलेले ‘मर्दिन एमरिस’ याच पद्धतीचे, आणि 1992 मधले ‘डेव्हिड लॉइड जॉर्ज’सुद्धा.