बाबांचे माग भंगारात गेले, तरी मी टेक्स्टाईल घेऊ का?

पत्र वाचलं तुझं. इचलकरंजीत बाबांचे खर्चीचे (व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणायचे) साधे माग, त्यातले निम्मे यंदा भंगारात दिले, तुला सीईटीला बरे मार्क पडलेत आणि टेक्स्टाईलला जायचंय, पण बाबा म्हणतात बाहेरच्या मालाने धंद्यात राम राहिला नाही, कॉम्प्युटर घे. आणि काका म्हणतायत कर्ज काढून रॅपिअर (नव्या पद्धतीचे वेगवान माग) टाकूया.

बाबांचं चुकत नाहीये. फक्त नेमकं बुडतंय काय ते बघ. चीनचं सिंथेटिक निटेड (टी-शर्टासारखं गुंफलेलं) कापड इतकं स्वस्त यायला लागलं की मार्च 2024 मध्ये सरकारने त्यातल्या काही प्रकारांना किलोला साडेतीन डॉलर हा किमान आयात दर लावला, पण ते निटिंगचं, तुमच्या मागावरचं नाही. तुम्हाला फटका दुसरीकडून बसतो. बांगलादेशचे रेडीमेड कपडे 2011 पासून कस्टम ड्युटी न भरता येतायत (मे 2025 मध्ये जमिनीवरचा रस्ता बंद केला, आता फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदर), आणि शर्ट शिवूनच आला तर त्याचं कापड इथं कोण विणून घेणार? मग व्यापाऱ्याची ऑर्डर कमी होते, आणि खर्चीवाल्याचं सूतही त्याचं नाही नि कापडही नाही, हातात फक्त पिकावरची (पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी) मजुरी, तीच आधी कापली जाते. त्यात साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक मारतो तिथं हवेच्या झोतावर चालणारा एअरजेट माग सात-आठशे सहज मारतो, हे काही आयात बंद करून बदलायचं नाही. मागवाल्यांच्या मोर्च्यात हे कुणी बोलत नाही ती गोष्ट वेगळी.

तर बुडतोय तो मजुरीवरचा साधा माग, टेक्स्टाईलचं शिक्षण म्हणजे तो माग नव्हे. डाईंग-प्रोसेसिंग (कापड रंगवणं नि फिनिश करणं), टेस्टिंग लॅब, मर्चंडायझिंग (ऑर्डरी सांभाळणं), टेक्निकल टेक्स्टाईल (दवाखान्या-कारखान्यात लागणारं खास कापड) इथं माणसं लागतात, आणि प्रोसेसचं सांडपाणी साफ करायचं काम तर आहेच, पंचगंगेच्या प्रदूषणावरून काय चालतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. केमिस्ट्री आवडत असेल तर मी प्रोसेसिंगकडेच जा म्हणेन, विव्हिंगकडे नको. कॉलेजं म्हणशील तर डीकेटीई गावातच आहे, व्हीजेटीआय मुंबईला, एसजीजीएस नांदेडला, तिन्हीचे कटऑफ बघ. सुरुवातीचा पगार मात्र आयटीवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी दिसेल, शिफ्ट असेल, काही मिलवाले मुलीला प्रोडक्शनवर घ्यायला अजून नाक मुरडतात, ते आत्ताच ऐकून ठेव.

ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कॉलेजच्या सीनियर्सना गाठून विचार की पास झालेली मुलं कुठल्या खात्यात लागली, नुसतं पॅकेज विचारू नकोस. मनात एवढं टेक्स्टाईल असेल तर घे, कॉम्प्युटर बाबांच्या भीतीपोटी नको.

आणि काकांना सांग, रॅपिअर टाकून पण मजुरीवरच चालवणार असाल तर घर तारण ठेवू नका. वर्षभराची ऑर्डर लेखी देणारा व्यापारी आधी दाखवा म्हणावं.