फोन रेडमीचा घ्यावा की पोकोचा?
आपण ज्या दोन नावांत अडकला आहात, ती दोन्ही शाओमीचीच आहेत. 2019 मध्ये रेडमीला आणि 2020 मध्ये पोकोला स्वतंत्र ब्रँड म्हणून वेगळे काढले गेले, तरी चीनमधला रेडमी के30 भारतात पोको एक्स2 या नावाने आला आणि रेडमी नोट 12 टर्बोचा पुढे पोको एफ5 झाला. बाळ एकच, बारसे मात्र दोनदा. म्हणून नाव बाजूला ठेवून प्रोसेसर, साठवणुकीचा प्रकार आणि सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे त्या विशिष्ट मॉडेलपुरते तपासावे, कारण यूएफएस (वेगवान साठवणूक) आणि ईएमएमसी (तुलनेने संथ साठवणूक) यांतला फरक दुकानात सहसा लक्षात येत नाही, वर्षभराने ॲप उघडताना मात्र चांगलाच जाणवतो. हे सारे जुळत असल्यास जो स्वस्त पडेल तो निःशंक घ्यावा.