फिट आलेलीच नाही, तरी आयसीयूत फिटचं औषध का देतात? आणि सात दिवसांनी बंद का करतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना डोक्याला जबर मार लागलाय, ते व्हेंटिलेटरवर आहेत, एकदाही फिट आलेली नाही, तरी पहिल्या दिवसापासून लेव्हेटिरासिटाम हे फिट रोखणारं औषध चालू आहे. आता डॉक्टर ते बंद करू म्हणतात, आणि तुम्हाला धास्ती वाटतेय. मी न्यूरो आयसीयूत काम करतो. तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

मार लागलेला मेंदू आधीच सुजलेला असतो. अशात फिट आली की मेंदूची प्राणवायूची मागणी एकदम वाढते, रक्तप्रवाह वाढतो आणि कवटीतला दाब चढतो. एरवी माणूस एखाद्या फिटमधून सावरतो, पण या अवस्थेत तेवढ्यानंही जास्तीची इजा होऊ शकते. म्हणून सुरुवातीचे दिवस औषधाचं संरक्षण देतात.

सात दिवसांच्या हिशेबामागे मुख्यतः 1990 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. डोक्याला गंभीर मार लागलेल्या 404 रुग्णांपैकी काहींना फेनिटॉइन हे फिटचं औषध दिलं, काहींना नुसतंच औषधासारखं दिसणारं काहीतरी. पहिल्या आठवड्यात फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी 3.6 टक्क्यांना फिट आली, बाकीच्यांपैकी 14.2 टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण आठवडा उलटल्यावर औषध चालू ठेवूनही दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे हे औषध सुरुवातीच्या फिट रोखतं. पुढे महिन्या-वर्षांनी जडणारा अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, रोखत नाही. तुमचे डॉक्टर औषध बंद करताहेत ते याच कारणानं, निष्काळजीपणानं नव्हे.

शिवाय औषध फुकटात पडत नाही. फेनिटॉइन शिरेतून घाईनं दिलं तर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल, आणि आयसीयूत ते बहुधा कमीच असतं, तर रिपोर्टमधली पातळी ठीक दिसूनही प्रत्यक्षात औषध जास्त झालेलं असू शकतं. लेव्हेटिरासिटाम त्या मानानं सोपं, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी तेच देतात. पण त्यानं गुंगी येते, शुद्धीवर येणारा रुग्ण चिडचिडा होतो, आणि किडनी मंदावली असेल तर डोस कमी करावा लागतो. आम्ही रोज सकाळी झोपेचं औषध थांबवून बघतो की रुग्ण डोळे उघडतो का, सांगितलं की बोट दाबतो का. तिथे गुंगी आणणारं प्रत्येक औषध आमचा अंदाज चुकवतं. व्हॅल्प्रोएट या फिटच्या आणखी एका औषधाची गोष्ट वेगळीच: जंतुसंसर्गासाठी मेरोपेनेम सुरू केलं की रक्तातली त्याची पातळी एकदम घसरते.

मेंदूच्या प्रत्येक इजेला हा नियम लागू नाही, हेही सांगून ठेवतो. रक्तदाबामुळे मेंदूत रक्तस्राव झाला असेल आणि फिट आलेली नसेल, तर प्रतिबंध म्हणून औषध देण्याची शिफारस आता नाही.

तुम्ही न विचारलेली, पण मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे न दिसणारी फिट. बेशुद्ध रुग्णात हातपाय न झटकताही मेंदूत फिट चालू असू शकते. डोळे एकाच बाजूला ओढलेले, पापणी किंवा ओठाचा कोपरा बारीक फडफडतोय, एवढंच दिसतं. कधी तेही नाही. सलग ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) लावलेल्या 570 रुग्णांच्या एका अभ्यासात 19 टक्क्यांमध्ये फिट सापडल्या, आणि त्यातल्या दहातल्या नऊ जणांत बाहेरून झटके दिसत नव्हते. अर्ध्या तासाच्या ईईजीत त्या हुकू शकतात. म्हणून सूज उतरली, झोपेचं औषध बंद झालं, तरी वडील अपेक्षेप्रमाणे जागे होत नसतील, तर डॉक्टरांना जरूर विचारा, "जास्त वेळ चालणारा ईईजी करता येईल का?"

खरी फिट आली असेल किंवा ईईजीत दिसली असेल, तर सात दिवसांचा हिशेब लागू नाही. तेव्हा ते उपचार असतात, आणि किती काळ चालवायचे ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतात.

एक विनंती: सुटीच्या वेळी डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. आयसीयूत प्रतिबंध म्हणून सुरू झालेली गोळी वॉर्डात जाते, तिथून घरी, आणि कधी थांबवायची हे कुठेच लिहिलेलं नसतं. अशी गोळी वर्षानुवर्षं घेणारे रुग्ण मी पाहिलेत. कार्डावर ती दिसली तर कारण आणि बंद करायची तारीख लिहून मागा. मात्र स्वतःच्या मनानं एकही डोस चुकवू नका. आणि औषध बंद झाल्यावर कधी फिट आलीच, तर त्यांना कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवा, थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.